‘पोरांना प्रदूषण कशाला शिकवता?’ या फॉरवर्डला सोलापुरातून उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो इतक्या जणांकडून आला की आता तोंडपाठ झालाय. म्हणणं असं: पहिली ते चौथीच्या मुलांना प्रदूषण शिकवणं बंद करा. त्यांचं ते वय नाही, त्यांच्या मनात भीती बसते. घाण करतात कारखाने आणि नदीच्या वरच्या अंगाची शहरं, उपदेश मात्र पोरांना. आपल्या आज्यांना कुणी पर्यावरण शिकवलं नव्हतं, तरी अंगण लख्ख असायचं. त्यात पाढे-वाचन बुडतं. शेवटी तोडगा: दरवर्षी एक झाड लावून घ्या, बाकी काही नको. खाली नेहमीचं, ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मी प्राथमिकच्या वर्गावर शिकवते. मला पटलं नाही.

वय नाही म्हणे. श्वास घ्यायचं वय आहे ना? वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं आणि जास्त पाणी पितं. त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात. रिक्षाचा सायलेन्सर आपल्या गुडघ्याजवळ धूर सोडतो, तो त्याच्या तोंडाशी येतो. मातीतले हात तोंडात जातात. शिसं पोटात गेलं तर मोठ्यांच्या चार-पाचपट प्रमाणात मुलांच्या अंगात शोषलं जातं. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त लागतं त्यालाच ते कळू द्यायचं नाही! आणि सोलापूर काही महाबळेश्वर नव्हे. केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा ठरलेल्या मानकांत बसत नाही, त्यांच्या यादीत आपलं नाव आहे.

आता पहिलीतल्या पोराला ‘पीएम १०’ (हवेतल्या बारीक धुळीचं माप) फळ्यावर लिहून पाठ करायला लावायचं, असं कुणी म्हणत नाही. आम्ही काय करतो ते सांगते. जुन्या लग्नपत्रिकेचे पांढरे तुकडे घेतो, त्यांवर व्हॅसलिनचं पातळ बोट फिरवतो. एक तुकडा रस्त्याकडच्या खिडकीच्या गजाला बांधायचा, दुसरा वर्गातल्या बंद कपाटात. दुसऱ्या दिवशी दोन्ही भिंगाखाली. कपाटातला जवळपास तसाच असतो. गजावरचा करडा झालेला, त्यात काळे ठिपके, आणि यंत्रमागांच्या शेड जवळ असल्याने सुताचे बारीक तंतू वाकडेतिकडे चिकटलेले. एक पोरगं भिंगावरून डोळा न काढता शेजारच्याला म्हणालं, “अबे, हे सगळं आपल्या नाकात जातंय का बे?” मी त्याला सांगितलं, दिसतंय ते बरंचसं नाक अडवतं, भिंगातूनही दिसत नाही ते खोल आत जातं. हे समजायला त्याचं वय कमी पडलं नाही.

भीतीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. रडणारी पृथ्वी, तिच्या तोंडाला मास्क, बाजूला वाळलेलं झाड: अशी चित्रं स्पर्धेसाठी रंगवून घेतली आणि वर ‘पृथ्वी वाचवा’ लिहून घेतलं, तर पोर घाबरतं नाही तर कंटाळतं. सात वर्षांच्या पोराने पृथ्वी कशी वाचवायची? (ते चित्र बहुतेक वेळा आई काढते, हे सगळ्यांना माहीत आहे.) पण यातून निघतं ते एवढंच की शिकवायची ही पद्धत वाईट आहे. मुलांना सुटलेल्या गोष्टीही सांगाव्यात. पेट्रोलमध्ये पूर्वी शिसं मिसळायचे. आपल्या देशात २००० साली ते बंद झालं. ओझोनच्या थराला मारक असलेले वायू कमी करायचं १९८७ मध्ये माँट्रियलला ठरलं, ते देशांनी पाळलं, आणि तो थर आता हळूहळू भरून येतोय. मोठ्या माणसांनी एकत्र बसून काम पार पाडलं, हे ऐकून कुठलं पोर घाबरेल?

कारखान्यांचा आणि वरच्या शहरांचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे, आणि सोलापूरकराला तो लगेच पटतो. भीमेवरच्या उजनी धरणात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं, उन्हाळ्यात धरणाचं पाणी हिरवं दिसतं, आणि तेच धरण आपली तहान भागवतं. तिसरीतल्या पोराने वेफर्सचं पाकीट डब्यात टाकलं म्हणून भीमा स्वच्छ होणार नाही, हे खरंच. पण शिकवणं म्हणजे पोरांवर दोष ढकलणं, असं कुणी ठरवलं? उलट नीट शिकवलं तर दोष कुठे आहे ते पोरांना दिसतं.

त्यासाठी काचेचा पेला, काळी माती, मीठ आणि तुरटी पुरते. पेलाभर पाण्यात चिमूटभर माती आणि चमचाभर मीठ ढवळायचं. मग तुरटीचा खडा त्यात पाच-सहा वेळा फिरवून पेला बाजूला ठेवायचा. मधल्या सुट्टीनंतर माती तळाला बसलेली, वरचं पाणी नितळ. पोरं टाळ्या पिटतात. मग वरच्या पाण्याचा एक थेंब जिभेवर: खारट! तुरटीने मीठ गेलंच नाही. उकळलं तरी जात नाही, जंतू मरतात तेवढेच. विरघळलेलं काढायला फार खटपट आणि पैसा लागतो, म्हणून ते पाण्यात जाण्याआधीच अडवायचं असतं. मग वर्गात प्रश्न येतो की अडवायचं कुणी. त्याचं उत्तर ‘वेफर्स खाणारा’ असं नसतं, हे त्यांचं त्यांना कळतं. चादरी-टॉवेलच्या रंगाईवर बाप कामाला असलेल्या पोराला तर हे माझ्याहून जास्त ठाऊक असतं. बापाच्या नखांतला निळा रंग साबणाने निघत नाही, हे तो घरी बघतो.

आणि एक गोष्ट फॉरवर्डमध्ये सोयीस्कर गळाली आहे. आपणही कुणाच्या तरी ‘वर’ आहोत. शहराचा उतार अदिला नाल्याकडे, अदिला सीनेला मिळते, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला, आणि भीमा पुढे कर्नाटकात जाते. शके ९४० चा मराठी शिलालेख पाहायला आपण कुडलला सहल नेतो, तेव्हा संगमावर उभं राहून एवढं तरी सांगावं की यातलं थोडं पाणी आपल्या मोऱ्यांतून आलंय. पुण्याला नावं ठेवताना पोरांचा सूर मग जरा बदलतो. कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग पेटवतात ते करायलाही पुण्याहून कुणी येत नाही. घनकचऱ्याच्या नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे, हे चौथीतल्या पोराला माहीत असलं तर तो निदान त्या धुरात क्रिकेट खेळत उभा राहणार नाही.

आज्यांबद्दल. माझ्या आजीच्या उकिरड्यात काय असायचं? भाजीची देठं, शेण, चुलीतली राख. त्यातली अर्धी राख भांडी घासायलाच जायची. जुनी चादर गोधडीत, गोधडी फाटली की फरशी पुसायला. तिला कचरा वेगळा करायला शिकवावं लागलं नाही, कारण न कुजणारं घरात येतच नव्हतं. आज शेंगदाण्याच्या चटणीपासून शाम्पूपर्यंत सगळं चकचकीत पाकिटात येतं. आणि आजीचं गुणगान करताना तिचा खोकलाही आठवावा. चुलीचा धूर तिने जन्मभर गिळला. तो वाईट असतो हे तिला कुणी सांगितलं असतं, तर काय बिघडलं असतं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत आजही हेच चालू आहे, धूर नाही तर तंबाखूची धूळ. आई विड्या वळते, मांडीजवळ सूप, शेजारी पोर गृहपाठ करतंय. दिल्लीत छापलेल्या पर्यावरणाच्या चित्रात हे घर कधीच येत नाही. इथे मात्र जपून बोलावं लागतं. आईच्या पोटापाण्याच्या कामाची लाज पोराला वाटेल असं एक वाक्यही बाईच्या तोंडून जाता कामा नये. मी एवढंच सांगते: अभ्यासाला दाराशी, उजेडात बस, आणि जेवायच्या आधी हात धू, आईलाही आठवण कर.

अभ्यास बुडतो या मुद्द्यात काही दम नाही. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ लाच सांगितलंय, आणि परिसर अभ्यासाचं पुस्तक तिसरी-चौथीच्या मुलांच्या दप्तरात आहेच. तुरटीच्या प्रयोगाच्या चार ओळी वहीत लिहिल्या की ते मराठीचं लेखनही झालं.

उरलं झाड. झाडाला कुणाची ना नाही, सोलापूरच्या उन्हात सावली देणाऱ्याचे उपकारच आहेत. पण कडुनिंब लावून उजनीचं पाणी निवळत नाही आणि रात्री डीजेचा दणका थांबत नाही. शिवाय झाड कुठेही लावून चालतं, हेही खरं नाही. नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य आहे. त्या पक्ष्याला मोकळं गवताळ माळरान लागतं, दूरवरचं दिसलं पाहिजे. तिथे कुणी हौसेने झाडांच्या रांगा लावल्या तर त्याचं घरच मोडतं. ‘माळ म्हणजे पडीक जमीन’ असं डोक्यात घेऊन मोठी झालेली माणसंच अशी झाडं लावतात.

पुढच्या पालकसभेत झाडाचा विषय निघाला तर सोबत आणखी एक मागणी करा: वर्गाची एक सहल पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रावर. परवानगीचा अर्ज शाळेने करायचा असतो. उजनीहून आलेलं पाणी तिथे कसं नितळतं ते पोरांना बघू दे, आणि मिठाचा प्रश्न तिथल्या साहेबांना त्यांनीच विचारू दे.