खुलासा: सोलर पॅनलखालचं गवत विषारी नसतं

‘पॅनलच्या रेडिएशनमुळे खालचं गवत विषारी होतं, मेंढ्या दगावतात’ हा मेसेज चुकीचा आहे. पॅनलमधले सिलिकॉनचे सेल काच आणि प्लॅस्टिकच्या थरांत सीलबंद असतात. ते उजेडाची वीज करतात, किरणोत्सर्ग नाही. उलट सावलीत ओल टिकते, कडक उन्हातही गवत कोवळं राहतं.

जपायचं ते वेगळ्याच गोष्टींना. शेळ्या पॅनलवर चढतात, लोंबत्या वायरी चावतात. गुरं खांबांना अंग घासतात. म्हणून मेंढ्याच बऱ्या. पॅनलची खालची कड निदान 80 सेंटिमीटर उंच हवी, वायरी पाइपातून न्याव्यात. फुटलेल्या पॅनलमध्येही उन्हात वीज असतेच, तिथे कुंपण घाला. तणनाशक मारलं असेल तर लेबलवरचे दिवस भरेपर्यंत चराई बंद. जनावरं दगावण्याचं खरं कारण तिथेही असू शकतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.