हनुवटीखालची घडी

मी पोटासाठी घड्या घालतो. चादरींच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाईक येतं, दहा चादरी उलगडायला लावतं, अकराव्या चादरीवर हात फिरवतं आणि ‘येताना घेतो’ म्हणून जे जातं ते थेट पुण्याला पोचतं. मागे उरतात अकरा चादरी आणि मी. 60 बाय 90 इंचांची चादर एकट्याने घडी करायची तर मधली कड हनुवटीखाली दाबायची, दोन्ही हात पसरायचे, टोकाला टोक भिडवायचं, एक झटका द्यायचा. मग हनुवटी सोडली की अर्धी चादर पोटावरून आपसूक खाली येते. हे मी बोलता बोलता, भाव सांगता सांगता, प्रसंगी शिंकत शिंकतही करतो.

म्हणून त्या रात्री साडेनऊला बालवाडीच्या ग्रुपवर ‘उद्या ओरिगामी डे, पाल्याने स्वतःच्या हाताने केलेला एक सोपा प्राणी आणावा’ असा निरोप आला, तेव्हा घरात मी एकटाच हसलो. बायकोने विचारलं, “जमेल का हो?” मी म्हणालो, “अगं, घडीच घालायची आहे ना?” हे वाक्य मला अजून ऐकवलं जातं. भाजी आणायला निघालो तरी ऐकवलं जातं.

ओरिगामीतल्या ‘ओरी’चा अर्थ दुमडणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद. जपानी लोकांनी तो कसा कामी लावायचा ते लावला, आम्हाला मात्र रात्री साडेनऊला कामी लावलं. मुळात कागद चीनचा. त्याची परतफेड म्हणून सोलापूरने 1938 साली डॉक्टर कोटणीस चीनला पाठवले, हिशेब तिथेच फिटला असं मला वाटत होतं. व्याज राहिलेलं दिसतंय.

पहिला प्रश्न, कागद. घोटीव कागद हवा, चौकोनी, साधारण 15 सेंटिमीटरचा. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर पडलेलं. घरात सापडल्या त्या तीन लग्नपत्रिका, विजेचं बिल आणि शेंगाच्या चटणीच्या पुडीचा कागद. पत्रिका दुमडेना, नवरा-नवरीच्या नावावर फुटली. बिल नको, अजून भरायचं होतं. चटणीच्या कागदाचा कुत्रा केला असता तर रस्त्यातली खरी कुत्री मागे लागली असती. शेवटी शेजारच्या काकूंच्या मुलाकडून प्रिंटरचे कोरे कागद आणले. ते लांबट. कोपरा तिरका दुमडून खालची पट्टी कापली की चौकोन होतो, हे मला बरोबर माहीत होतं. पट्टी कापली. कन्येला पट्टीच आवडली. तिने ती कपाळाला बांधली आणि चौकोनाकडे पाहायचंच सोडून दिलं.

दुसरा प्रश्न, पंखा. मार्च संपत आलेला, आणि सोलापूरचा मार्च म्हणजे दुसरीकडचा मे. पंखा लावला की कागद कॉटखाली, बंद केला की आम्ही घामाने कागदावर. दोनदा लावून, दोनदा बंद करून बघितला. मग आई म्हणाली, “त्या पोरीला गरमीनं मारताय का कुत्र्यानं?” आणि पंखा कायमचा चालू झाला. पुढचं सगळं काम आम्ही कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून केलं. वाट्या ठेवलेला कागद दुमडत नाही, ही शास्त्रीय माहिती मला त्या रात्री मिळाली.

तर कुत्र्याचं तोंड. ओरिगामीत याहून सोपं काही नाही, तीन-चार वर्षांच्या पोरांना पहिल्यांदा हेच शिकवतात. चौकोन तिरका दुमडा, त्रिकोण झाला. लांब बाजू वर ठेवा. वरचे दोन कोपरे खाली वाकवा, कान झाले. खालचं टोक वर घ्या, हनुवटी झाली. डोळे काढा. बस. मी फोनवर व्हिडिओ लावला. बोटं कुणा जपानी बाईंची, नखं इतकी स्वच्छ की मी माझी खिशात लपवली.

कन्येने पहिली घडी घातली. कोपऱ्याला कोपरा भिडायला हवा होता, तो दोन बोटं अलीकडेच थांबला. मी म्हणालो, “टोकाला टोक लाव, पिल्लू.” तिने टोकाला टोक लावलं, तेवढ्यात दुसरीकडून कागद फुगला. तिने त्यावर पूर्ण तळवा ठेवून, वर उभी राहून, अंगाचं सगळं वजन टाकून घडी दाबली. उचलून बघितली आणि आनंदाने ओरडली, “समोसा!”

तिथून पुढे आम्ही समोशातून बाहेर पडलो नाही. दुसरा कागद, समोसा. तिसरा, समोसा. चौथ्यात बटाटा भरायला म्हणून स्वयंपाकघरात निघाली. पाचव्याला कान झाले, पण एक कान तिने तोंडात घातला. कागद ओला करून दुमडायची पद्धत अकिरा योशिझावा या जपानी कलावंताने रूढ केली, म्हणजे आकारांना गोलाई येते. आमच्या कन्येने ती कुणी न शिकवता शोधली. गोलाई आली, कान गेला.

आई हे सगळं खाटेवरून बघत होती. तिने न बोलता एक समोसा उचलला, उलगडला, चार घड्या घातल्या आणि होडी ठेवली. चष्मासुद्धा लावला नव्हता. कन्येला आता कुत्रा नको, होडी सोडायला पाणी हवं. आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी येतो. भरलेल्या पिंपाला हात लावायची मुभा घरात फक्त आईला. बरीच बोलाचाली होऊन होडी ताकाच्या वाटीत सोडण्यात आली. तिने तिथेच जलसमाधी घेतली. ताक मी प्यालो.

कन्या साडेदहाला झोपली, कपाळाला पट्टी तशीच. मग मात्र माझ्यातला कारागीर खवळला. ‘स्वतःच्या हाताने’ हे शब्द मी वाचलेच नाहीत असं ठरवलं. कुत्रा कशाला, थेट क्रौंच पक्षी करू म्हटलं. त्याच्या आकृतीत तुटक रेघा, रेघ-टिंब रेघा, बाण. नुसती तुटक रेघ म्हणजे घडी आत, दरीसारखी. रेघेत टिंबं आली की घडी बाहेर, डोंगरासारखी. बाराव्या पायरीला माझ्या दरीत डोंगर शिरला. सवयीने मी कागद हनुवटीखाली धरला, हात पसरले आणि झटका दिला. दोन तुकडे झाले. तरी तीन पक्षी पुरे केले. मान लांब, पोट जड, उडायची इच्छा नाही: हुबेहूब माळढोक. नान्नजच्या अभयारण्यात हल्ली मोजणीला एखाददुसरा दिसला तरी बातमी होते, माझ्या कॉटवर एका रात्रीत तीन!

रात्री बारानंतर फोनवर माणूस कुठेही पोचतो. मी जर्मनीला पोचलो. तिथे फ्रोबेल नावाच्या गृहस्थाने 1837 साली पहिली बालवाडी काढली आणि मुलांच्या उद्योगांत कागदाच्या घड्या घातल्या. मूळ आरोपी हा. पण त्यात कुठेही ‘बापाने रात्री जागावं’ असं नव्हतं, ती भर आपली.

सकाळी कन्येने तिन्ही माळढोक नाकारले. “हे मी नाही केलं,” म्हणाली. खरं बोलणाऱ्या पोरांचं काय करावं कळत नाही. तिने डब्याखाली चेंगरलेला एक समोसा उचलला, खडूने दोन डोळे काढले, दोन्ही एकाच बाजूला, आणि रिक्षात बसली. बाकीच्या पोरांच्या हातात जिराफ, कांगारू, एकाकडे तर शिंगवाला गेंडा. सगळे पालकांच्या झोपेतून बनलेले. बाईंनी समोशाला काय दिलं ते विचारलं तर कन्या म्हणाली, “त्यांनी विचारलं, आत काय आहे?”

मी दुकानात गेलो तो अर्धा झोपेत. अकरा वाजता गिऱ्हाईक आलं, उलगडणं झालं, गेलं. मी घड्यांना लागलो. किती वेळ गेला कोण जाणे, मालकांचा आवाज आला, “काय करायलास बे हे?”

खाली बघितलं. गादीवर निळी चादर त्रिकोणी पसरली होती. दोन कान खाली पडले होते आणि मी खालचं टोक हनुवटीसाठी वर घेत होतो.

“कुत्रं,” मी म्हणालो.

मालकांनी चष्मा वर केला. मान एका बाजूला करून, मग दुसऱ्या बाजूला करून बघितलं.

“राहू दे तसंच,” ते म्हणाले. “अन् टॉवेलात ससा येतो का बघ.”