पहारेकऱ्याचा संकर प्रयोग

एका संगणकीय खेळातील दारावरच्या पहारेकऱ्याचे संवाद लिहिण्याचे काम मी स्वीकारले, तेव्हा त्या बिचाऱ्याला “कोण आहे?” एवढेच विचारायचे असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. परंतु खेळाडू पहिल्यांदाच आला आहे की पुन्हा, दिवस आहे की रात्र, हाती दिवा आहे का, किल्ली सापडली आहे का, आणि मागच्या भेटीत त्याने पहारेकऱ्याचा अपमान केला होता का, या पाच प्रश्नांच्या हो-नाहीचा हिशेब मांडला तेव्हा 32 शक्यता निघाल्या. ज्या सहकाऱ्याने उत्साहाने सहावी अट सुचवली, त्याच्याशी मी दोन दिवस अबोला धरला.

त्यात आपली भाषा. “आलास”, “आलीस” आणि “आलात” अशी तीन रूपे एकाच स्वागतासाठी लागतात, आणि त्यातले प्रत्येक इफ, एल्स व एंडइफ (म्हणजे “जर”, “नाहीतर” आणि “अट संपली” असे यंत्राला सांगणारे शब्द) यांच्या कुंपणात बसवावे लागते. एक एंडइफ राहून गेला, तर पहारेकरी मुका होतो आणि चूक मात्र फाइलच्या शेवटच्या, निरपराध ओळीवर दाखवली जाते.

तेव्हा मी मॅक्रोला शरण गेलो. लांबलचक मजकुराला एक आखूड नाव द्यायचे, की ते नाव दिसेल तिथे यंत्र तो सारा मजकूर निमूटपणे चिकटवते. कंटाळलेल्या माणसांची ही परंपरा जुनी आहे. 1976 साली जन्मलेल्या इमॅक्स या मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या संगणकीय साधनाचे तर नावच “एडिटिंग मॅक्रोज”वरून आले. मी “क्रिया” नावाचा मॅक्रो रचला. त्याला धातू दिला की खेळाडू पाहून तो लास, लीस किंवा लात जोडत असे. “बस” दिले की बसलास, “चुक” दिले की चुकलीस. सायंकाळपर्यंत मी साऱ्या संवादांतली क्रियापदे काढून त्यांच्या जागी मॅक्रो बसवले आणि कृतार्थ होऊन झोपलो.

सकाळी पहारेकऱ्याने मला विचारले, “काल न सांगता कुठे जालास?”

“जा”चे “गेलास” होते आणि “कर”चे “केलास”, हे मला बालपणापासून ठाऊक होते. मॅक्रोला ते कोणी सांगितलेच नव्हते. असे अपवाद मी एकेक करून निस्तरले. खरी फजिती पुढेच होती. पुरुष खेळाडू किल्ली घेऊन आला, तेव्हा पहारेकरी म्हणाला, “शेवटी किल्ली आणलास!” स्त्री खेळाडूला तो म्हणाला, “दिवा आणलीस!” शाळेत ज्या तासाला मी खिडकीबाहेर पाहत होतो, तो कर्तृ-कर्म-संकर प्रयोगाचा तास असावा. “तू किल्ली आणलीस” या वाक्यात शेवटचा “स” तेवढा “तू”चा. मधली “ली” किल्लीची. खेळाडू पुरुष की स्त्री याची ज्या क्रियापदाला पर्वाच नव्हती, त्याच्यासाठी मी तीन दिवस खेळाडूचे लिंग तपासत बसलो होतो.

मग वस्तूचे लिंग ओळखणारा दुसरा मॅक्रो आला. तो पहिल्याच्या पोटात शिरला, आणि पुस्तक या नपुंसकलिंगी वस्तूने “आणलेस” व “आणलेत” अशी आणखी दोन रूपे मागितली. आता चूक झाली की यंत्र जी ओळ दाखवी, ती मी लिहिलेलीच नसे. ती मॅक्रोच्या मॅक्रोने लिहिलेली असे, आणि तिच्याकडे मी परक्याचे पत्र वाचावे तसा पाहत राही.

अखेर एका रात्री मी पहारेकऱ्याच्या तोंडची सगळी भूतकाळी क्रियापदे काढून टाकली. आता तो “किल्ली?” एवढेच विचारतो, मिळाली की “बरं” म्हणतो, आणि अपमान आठवला की नुसता खाकरतो. चाचणी घेणाऱ्यांना त्याचा हा करारी, मितभाषी स्वभाव फार आवडला. त्यामुळे माझ्यावर आता एका बडबड्या म्हातारीचे संवाद सोपवण्यात आले आहेत. खेळाडूने आजवर काय काय आणले, काय हरवले आणि काय मोडले, याची यादी ती येणाऱ्या प्रत्येकाला म्हणून दाखवते.