पूल झालेला नाही, आणि संत्र्याची वाट समुद्राने अडवलेली नाही

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी तोंडावर आली की अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या बागायतदारांच्या मोबाइलवर बाजारभावांसोबत एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : भारत-श्रीलंका समुद्री पूल मंजूर झाला असून काम शेवटच्या टप्प्यात आहे, रामसेतूपाशी समुद्र उथळ असल्याने ते झटपट उरकेल, आणि पूल खुला होताच नागपुरी संत्रा ट्रकने थेट कोलंबोला जाऊन भाव दुप्पट होतील. सोबत एका पुलाचे छायाचित्र जोडलेले असते. आमच्या शेजारच्या काकाजींनी या मजकुराच्या भरवशावर व्यापाऱ्याला ‘आठ दिवस थांबा’ असे सांगून बागेचा सौदा लांबवला, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी छायाचित्राविषयी. काकाजींच्याच मोबाइलवर ते बोटांनी मोठे करून पाहिले, तेव्हा दोन उंच मनोरे, त्यांच्यामध्ये वर उचललेला पोलादी भाग आणि रेल्वेचे रूळ स्पष्ट दिसले. हा पांबनचा नवा रेल्वे पूल आहे. १९१४ च्या जुन्या पुलाच्या जागी बांधलेला हा पूल एप्रिल २०२५ मध्ये खुला झाला. त्याची लांबी दोन किलोमीटरांहून थोडी जास्त आहे, आणि तो मंडपमला रामेश्वरम बेटाशी जोडतो. म्हणजे त्याची दोन्ही टोके तामिळनाडूच्या एकाच रामनाथपुरम जिल्ह्यात आहेत. मधला भाग उचलला जातो तो जहाजांना वाट देण्यासाठी. ट्रकला त्यावर जागाच नाही. वाहनांचा पूल शेजारी १९८८ पासून उभा आहे. श्रीलंकेचे तलैमन्नार तिथून पुढे धनुष्कोडीच्या टोकापलीकडे, समुद्र ओलांडल्यावर येते.

‘मंजूर झाला’ हा शब्द मात्र अधिक घातक आहे, कारण त्याच्या बुडाशी थोडे तथ्य आहे. २००२ च्या सुमारास श्रीलंकेचे तेव्हाचे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांनी अशा पुलाची कल्पना मांडली होती. २०१५ मध्ये आपल्या नागपूरचेच नितीन गडकरी यांनी केंद्रीय मंत्री या नात्याने, सुमारे २४,००० कोटी रुपयांच्या या कामाला आशियाई विकास बँक पैसा पुरवण्यास तयार असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी श्रीलंकेच्या महामार्ग खात्याच्या मंत्र्यांनी अशी कोणतीही योजना नसल्याचा खुलासा केला. जुलै २०२३ मध्ये दोन्ही देशांनी संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात जमिनीवरील जोडणीचा उल्लेख आहे, पण तो व्यवहार्यता तपासण्यापुरता, बांधकामाच्या निर्णयाचा नव्हे. तपासणी आणि मंजुरी यांतला फरक विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. गोसीखुर्द धरणाचे तर भूमिपूजनच १९८८ मध्ये झाले होते, आणि तिथे दुसऱ्या देशाच्या संमतीचाही प्रश्न नव्हता. तरीही कालव्याच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांच्या हयाती गेल्या.

समुद्र उथळ आहे हे खरे. तो इतका उथळ आहे की मोठी जहाजे तिथून जाऊच शकत नाहीत आणि श्रीलंकेला वळसा घालतात. म्हणूनच २००५ मध्ये तळ खोदून सेतुसमुद्रम कालवा काढण्याचे काम सुरू झाले, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रामसेतूला धक्का लावण्यास मनाई केली. उथळ पाणी म्हणजे सोपे बांधकाम, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. तिथले वाळूचे पट्टे सरकते आहेत, जवळच मन्नारच्या आखातातले संरक्षित सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने एका रात्रीत धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त केले. प्रवाशांसह एक रेल्वेगाडीही समुद्राने गिळली. त्यापूर्वी जवळपास पन्नास वर्षे लोक धनुष्कोडीपर्यंत रेल्वेने, पुढे आगबोटीने आणि तलैमन्नारहून पुन्हा रेल्वेने कोलंबोला जात असत. दोन्ही देशांत रुळांची रुंदी सारखी आहे आणि वाहने डाव्या बाजूने चालतात, हे त्या मजकुरातले वाक्य तेवढे बिनचूक आहे.

आता भावाचा मुद्दा, कारण काकाजींना पुलाशी नव्हे, भावाशी कर्तव्य आहे. वरूडहून रामेश्वरम दीड हजार किलोमीटरांहून दूर आहे आणि तलैमन्नारहून कोलंबो आणखी तीनशेच्या वर. आपला संत्रा ढिल्या सालीचा; ट्रकच्या तळाशी तणस अंथरून कितीही जपून भरला तरी खालच्या थरातले फळ दबते आणि देठापाशी ओल धरते. तरीही अंतर हा मुख्य अडसर नाही, आणि त्याचा पुरावा बांगलादेशात आहे.

बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक. तिथे जायला समुद्र आडवा नाही. ट्रक पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या सीमेपर्यंत जातो, माल तिकडच्या गाडीत चढतो आणि ढाक्याला पोहोचतो. या मार्गावर पूर्वी पद्मा नदीपाशी गाड्यांना फेरीबोटीची वाट पाहत ताटकळावे लागत असे. जून २०२२ मध्ये सहा किलोमीटरांहून लांब पद्मा पूल खुला झाला आणि ती अडचण संपली. मजकुराचे तर्कशास्त्र खरे असते, तर त्यानंतर आपली निर्यात वाढायला हवी होती. प्रत्यक्षात बांगलादेशाने आयातशुल्क वाढवत नेले. २०१९ मध्ये किलोमागे वीस रुपयांच्या आसपास असलेले शुल्क २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेले, निर्यात कोसळली आणि तो माल देशातल्याच मंड्यांत ओतला गेला. पूल आला, संत्रा गेला नाही.

श्रीलंकेची लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आत आहे, आणि परकीय चलन आटले तेव्हा, २०२२ मध्ये, त्या देशानेही अनेक वस्तूंच्या आयातीवर बंधने घातली होती. तिथे उद्या खरोखर पूल झाला, तरी त्याच्या पलीकडच्या टोकाला सीमाशुल्काची चौकी असणारच.

काकाजींचा सौदा अखेर गेल्या आठवड्यात झाला. तोवर फळगळ सुरू झाली होती, आणि व्यापाऱ्याने पहिल्या बोलीपेक्षा कमी दर दिला.