‘एक टिक मारली की झालं’ म्हणणाऱ्या फोंड्याच्या वाचकांना

घरच्या राउटरवर टनेल, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची खाजगी वाट, लावण्याच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: ‘वायरगार्डचं एवढं पुराण कशाला? राउटरात पीपीटीपी असतंच, एक टिक मारली की झालं. आमच्या घरात चोरण्यासारखं आहे काय? उगाच घाबरवून मास्तरकी करू नका. तुमच्या १४२० एमटीयूने माझ्या निम्म्या साइट उघडेनात.’ (नवख्यांसाठी: वायरगार्ड ही टनेलची नवी पद्धत, पीपीटीपी जुनी. एमटीयू म्हणजे डेटाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा.)

मतभेदाचं मला काही नाही. पण आपली ओळख नाही, पाळख नाही, आणि सरळ ‘मास्तरकी’? फोंड्याच्या बाजारात समोर भेटलो असतो तर असं बोलला असता का? त्या लेखासाठी मी रात्री जागलोय. चूक दाखवा, दहा वेळा दाखवा, पण माणसाशी माणसासारखं बोला.

एमटीयूचं तेवढं मान्य. लाइन पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्ड घालून जोडायची), म्हणजे १४९२ एमटीयूची असेल आणि टनेल आयपीव्ही६ वरून, म्हणजे नव्या लांब पत्त्यांवरून, जात असेल, तर १४२० मावत नाही. १४१२ ठेवा. लेखात ही ओळ घालतो, विषय संपला.

आता ती टिक. राउटरच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीच्या नाहीतर एएलजी नावाच्या पानावर दिसते ती बहुधा ‘पीपीटीपी पासथ्रू’ची असते. घरातला लॅपटॉप बाहेरच्या सर्व्हरला जोडायला गेला तर राउटरने आडवं येऊ नये, एवढंच तिचं काम. पीपीटीपीला टीसीपीच्या १७२३ क्रमांकाच्या पोर्टखेरीज जीआरई नावाचा आणखी एक प्रोटोकॉल लागतो, जीआरईला पोर्ट नसतो, म्हणून नॅटमधून, म्हणजे घरातली सगळी उपकरणं एकाच पत्त्यामागे ठेवणाऱ्या सोयीतून, जायला ही वेगळी सोय. बाहेरून घरात येण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. त्यासाठी सर्व्हर चालू करावा लागतो, तोही तुमच्या राउटरात असला तर. आणि वॅनचा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलाय. मग सर्व्हर लावूनही बाहेरून कोणी पोचणार नाही. आधी ते पान नीट वाचा, मग मला शिकवायला या.

राहिलं ‘चोरण्यासारखं काय’. एडीएसएलच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं त्या, काळापासून मी गोव्यात बारदेश-डिचोलीत घरोघर राउटर लावत आलोय, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की डोकं तापतं. डिचोलीतल्या एका घरचा मुलगा बोटीवर असतो. आईबाबा दिसावेत म्हणून त्याने कोणाकडून तरी पीपीटीपी सर्व्हर लावून घेतला होता. राउटरच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेला पासवर्ड. वायफायला तोच, कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला तोच, टनेललाही तोच. मुलाच्या परवानगीने मी माझ्या घरून जोडून दाखवलं. स्क्रीनवर त्याची आई सोप्यावर बसून नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) विळीवर नारळ खवत होती. मागचं दार उघडं होतं. तो फोनवर काही बोललाच नाही.

पासवर्ड लांब ठेवला तरी भागत नाही. जोडणीची सुरुवात कोणी पकडली, तर एमएस-चॅप व्ही२ (पीपीटीपीची पासवर्ड तपासायची पद्धत) फोडणं म्हणजे डीईएस या जुन्या सांकेतिक पद्धतीची ५६ बिटांची एकच चावी शोधणं, हे २०१२ मध्येच डेफकॉन या हॅकर-परिषदेत मांडून झालंय. ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० मधून पीपीटीपी काढूनच टाकलं, म्हणजे तुम्ही टिक मारून आयफोन तसाही जोडला जाणार नाही. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळं कुटुंब मूळ घरी जातं, पणजीचा फ्लॅट कुलपात असतो. तो रिकामा आहे हे परक्याला तुमच्याच कॅमेऱ्यातून कळणं, ही चोरी नाही का?

‘वायरगार्ड अवघड’, ‘राउटर जुना’ वगैरेंना उत्तर देत बसत नाही, लेखात सगळं आहे.

राउटरचं मॉडेल आणि वॅनच्या पत्त्यातले ठिपक्यांनी वेगळे केलेले पहिले दोन आकडे लिहा, पुढचं सांगतो. पूर्ण पत्ता इथे टाकू नका. आणि तोपर्यंत तो पीपीटीपी सर्व्हर चालू असेल तर आज रात्रीच बंद करा.