फी नाही, पण बाकीचं?
एमबीएच्या एक्सचेंज सेमिस्टरला, म्हणजे आपल्या कॉलेजशी करार असलेल्या परदेशी कॉलेजात एक सत्र शिकायला, तिथली वेगळी फी लागत नाही, असं तुमच्या लेखात म्हटलंय. खरं आहे, पण पुढचंही लिहा ना! माझी पुतणी गेल्या वर्षी नागपूरहून जर्मनीला गेली. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) महिन्याला ९९२ युरोच्या हिशेबानं सहा महिन्यांचे पैसे आधीच भरावे लागले. तिथे गेल्यावर ते दरमहा मिळतात, पण भावाला इथे एफडी मोडावी लागली ना. विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईच्या दोन फेऱ्या झाल्या त्या वेगळ्याच. आणि परत आल्यावर इथलं कॉलेज म्हणतं, दोन विषयांचे क्रेडिट जुळत नाहीत! जायच्या आधी लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे तिथले कोणते विषय इथे धरले जातील त्या लेखी करारावर, सही घ्यायची राहिली होती. पोरगी मात्र खूश. बॅगेतला सावजी मसाला होस्टेलात आठवड्यातच संपला म्हणे.