तार आधीच सीटमध्ये आहे

बीएमडब्ल्यूने सीट गरम करायला दरमहा पैसे मागितले तर लोक उगाच चिडले, असं एका लेखात म्हटलंय. मला अजिबात पटलं नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये त्याचे महिना १५ पौंड लावले होते. एकरकमी भरायचाही पर्याय होता, मान्य. पण गरम होणारी तार कारखान्यातूनच सीटमध्ये बसवून आलेली, फक्त सॉफ्टवेअरने कुलूप घातलेलं. वस्तू आपल्या दारात, तिचं वजन वाहायला पेट्रोल आपलं आणि किल्ली कंपनीकडे! गाडीतले रस्त्यांचे नकाशे नवे करून देता, त्याचे पैसे जरूर घ्या; त्यामागे माणसं राबतात. तारेवर दरमहा कसला खर्च? लोकांनी ओरड केली, शेवटी २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केलं.